घोडमाळला गेलेले रुमाल

घोडमाळचं सार्वजनिक वन तेराशे हेक्टरांचं आहे. त्याचं फाटक सांगली जिल्ह्यात येतं. फाटकाला सगळ्यांत जवळचं मोठं गाव मोरवडे, ते सातारा जिल्ह्यात. मधे एकतीस किलोमीटर रस्ता आहे. गेल्या उन्हाळ्यात वनात वणवा लागला. तेव्हापासून खाजगी वाहनं फाटकाच्या तीन किलोमीटर अलीकडे, लोखंडी दांड्यापाशी थांबवली जातात. 'पुढे पायी किंवा सार्वजनिक वाहनाने जावे' असा फलक तिथे लावला आहे. सार्वजनिक वाहन मात्र त्या रस्त्याला कधीच नव्हतं. होती ती वडापची, माणशी भाडं घेणारी जीप, आणि ती खाजगी वाहनात मोडते.

या दांड्यामुळे अनेकांची सहल चुकली. बनुबाई शेडगेंचं भांडण अर्धवट राहिलं.

बनुबाई एकाहत्तर वर्षांच्या. त्यांची थोरली बहीण रंगुबाई फाटकाच्या आत, पाच मिनिटांवरच्या तेरा घरांच्या वस्तीत राहते. वस्तीवर फोनला रेंज नाही. चाळीस वर्षांपूर्वी दोघी बहिणी याच माळावर रोजगार हमीच्या कामाला होत्या. माळाचं वन झालं, त्यात दोघींचे हात लागलेले. फाटकाशेजारचा मोठा पिंपळ दोघींपैकी कुणाचा, हा त्यांच्यातला वाद. तो दर रविवारी थोडा थोडा चाले. शेवटच्या रविवारी रंगुबाई म्हणाली होती, "खड्डा मी खणला. तू निस्ती काडी हुबी केलीस." त्यावर बनुबाई काही बोलणार तोच वडापवाल्याने हॉर्न मारला आणि त्यांना निघावं लागलं. पुढच्या शुक्रवारी वणवा लागला. शनिवारी दांडा आला.

या गोष्टीला आठ महिने झाले होते. उत्तर बनुबाईंना कार्तिकात सुचलं, भांडी घासताना. तेव्हापासून ते तयार होतं. तीन किलोमीटर चालणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. कुणाबरोबर निरोप धाडता आला असता, पण सुनेने तसं सुचवल्यावर बनुबाई म्हणाल्या, "भांडान काय निरोपानं करत्यात व्हय? त्वांड बघाय नको का तिचं?"

जानेवारीत बातमी आली, की मोरवडे ते घोडमाळ अशी रविवारची बस सुरू करण्याचा विचार आहे. आधी एका रविवारी चाचणी घ्यायची. सकाळी नऊला बस जाईल, दुपारी चारला परतेल. जाताना आणि येताना, प्रत्येक फेरीला किमान बावीस प्रवासी मिळाले पाहिजेत. गाडीला जागा चव्वेचाळीस. म्हणजे अर्धी गाडी भरायची होती.

पंचायतीचे सदस्य नानासो घाडगे यांनी हे काम अंगावर घेतलं. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. शनिवारी संध्याकाळी त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, "उद्याची घोडमाळची गाडी फुल्ल होणार हाय. ज्यास्नी जायाचं हाय त्यांनी लौकर यून जागा धरावी. मागनं तक्रार चालणार न्हाई."

मोरवड्याच्या लोकांनी ही सूचना अक्षरशः पाळली. पुढे जे झालं त्याचं कारण एवढंच आहे.

रविवारी बनुबाई साडेसहालाच स्टँडवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत बहिणीसाठी चार भाकऱ्या आणि तिळाची चटणी. पावणेसातला गाडी आली आणि दार बंद ठेवून उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या. कुठून कुठून माणसं आली आणि खिडक्यांतून रुमाल आत पडू लागले. रुमालांमागून टॉवेल, टोप्या, एक मफलर, एक हेल्मेट, दूधसंघाचं पुस्तक, कुणाचा तरी चष्मा, आणि डाव्या पायाची एकच चप्पल. नानासोंनी आपला लाल काठाचा पंचा तीन नंबरच्या जागेवर नेमका टाकला. पंच्याच्या टोकाला दूध संकलन केंद्राच्या किल्ल्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे तो सरळ गेला. सहलीचं जेवण ज्यांच्याकडे होतं त्यांनी एकतीस नंबरवर पाय बांधलेला कोंबडा ठेवला.

सात वाजून दहा मिनिटांनी चव्वेचाळीस जागा भरल्या. मग दार उघडलं.

कंडक्टर चंदना मगदूम सांगलीकडच्या. नोकरीला अकरा वर्षं झालेली. त्यांनी बनुबाईंना पायरीवर हात दिला आणि विचारलं, "मावशी, जागा धरली का?"

"मी आलीया की."

"आवं, आलाय त्ये दिसतंय. रुमाल कुटला तुमचा?"

"मी सोता आल्यावर रुमाल कशाला लागतोय?"

चंदनाबाईंनी गाडीभर नजर फिरवली. एकाही जागेवर माणूस नव्हतं आणि एकही जागा मोकळी नव्हती. "मग हुबं ऱ्हावं लागंल," त्या म्हणाल्या. बनुबाई गावात सगळ्यांच्या आधी आल्या होत्या, पण स्वतः आल्या होत्या, ही त्यांची चूक झाली.

जागा धरून झाल्यावर मोरवडे घरी गेलं. यातही वावगं काही नव्हतं. आंघोळी राहिल्या होत्या, धारा काढायच्या होत्या, पोहे व्हायचे होते. नऊची गाडी मोरवड्यातून कधी नऊला सुटलेली कुणाच्या आठवणीत नाही. माणसं आली की ती सुटते, हे गाडीला माहीत आणि माणसांनाही.

त्या दिवशी मात्र गाडीत वाहतूक निरीक्षक अजितकुमार उपाध्ये होते. तेही सांगलीचे. सूर्यास्तानंतर ते जेवत नाहीत. चारची परतीची फेरी चारलाच सुटली, पुढची गाडी मिळाली, तरच सूर्य मावळायच्या आत ते घरच्या ताटावर बसू शकत होते. म्हणून त्यांच्या हद्दीत गाड्या वेळेवर सुटतात. आणखी एक गोष्ट त्यांच्याबद्दल आगारात सांगितली जाई. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्याच्या रुमालावर कधी बूड टेकलं नव्हतं.

नऊला एक मिनिट असताना ते म्हणाले, "वीरधवल, वेळ झाली."

चालक वीरधवलने आरशात पाहिलं. "सायेब, गाडीत माणूस न्हाई."

"जागा मोकळ्या आहेत का?"

"न्हाईत."

"मग?"

वीरधवलने इंजिन सुरू केलं. चंदनाबाईंनी दोनदा घंटी दिली. नऊ वाजता गाडी निघाली. आत चव्वेचाळीस धरलेल्या जागा होत्या, उभ्याने बनुबाई होत्या, आणि उभ्यानेच निरीक्षक होते, कारण त्यांनाही जागा नव्हती.

पहिला थांबा पळसवाडीचा. तिथे डबे घेऊन दहा जण उभे होते. ते चढले आणि आत येऊन थबकले. त्यांतला एक टोपीवाला म्हणाला, "जागा हाय की हितं."

"धरलीया," चंदनाबाई म्हणाल्या.

"कुणी?"

"मोरवड्याच्या लोकांनी."

"आन त्ये कुटं हायत?"

"मोरवड्यात."

टोपीवाल्याने मान हलवली. उत्तर पुरेसं होतं. दहाही जण वरची दांडी धरून उभे राहिले.

गाडीत अकरा प्रवासी उभे झाले, आणि नियमाने अकराच उभे राहू शकतात. त्यामुळे पुढे बोरजाईच्या थांब्यावर सतरा माणसं हात करत होती ती घेता आली नाहीत. गाडी हळू झाली. चंदनाबाईंनी खिडकीतून सांगितलं, "फुल्ल हाय."

एक म्हातारा गाडीबरोबर चार पावलं पळाला. "आवं बाई, मोकळी दिसतीया की."

"बसाय जागा न्हाई, आन हुबी अकरा झाली."

"मग ह्यो कोंबडा कसा बसलाय?"

"त्येनं धरलीया जागा," चंदनाबाई म्हणाल्या आणि घंटी दिली. नंतर त्यांनीच एकदा मागे वळून कोंबड्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

तिसऱ्या थांब्यावर तेवीस जण होते. तेही राहिले.

घाट लागला तशी उभी माणसं वळणावळणाला रिकाम्या जागांवर झुकत आणि पुन्हा सावरून सरळ होत. एका वळणावर सतरा नंबरवरचा हातरुमाल घसरून खाली पडला. टोपीवाल्याने तो उचलला, झटकला, चौपदरी घडी केली आणि जिथे होता तिथेच ठेवला. "मालकानं चौपदरीच ठेवला हुता न्हवं?" त्याने विचारून खात्री करून घेतली.

बनुबाईंचे गुडघे दुखू लागले होते. अजितकुमारांच्या ते लक्षात आलं. "आजी, बसा तुम्ही त्या तीन नंबरवर. मी सांगतो."

"कुणाला सांगताय?"

"ज्याचा पंचा आहे त्याला."

"नानासोचा हाय त्यो. उद्या त्येनं मला गावात इचारलं, तवा तुमी असणार हाय का हितं?"

अजितकुमारांच्या उजव्या हाताला चार नंबरची जागा होती आणि तिच्यावर कुणाची तरी निळी टोपी होती. बोलण्याचा अधिकार त्यांनाही फारसा नव्हता.

"आन तुमी का हुबं हाय?" बनुबाईंनी विचारलं.

"सवय आहे," अजितकुमार म्हणाले.

दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी फाटकातून आत गेली आणि पिंपळाखाली थांबली. वनरक्षक इंद्रजित नोंदवही घेऊन आला. त्याने खाली उतरलेली माणसं मोजली. अकरा. मग तो गाडीत चढला, चव्वेचाळीस जागा पाहिल्या, खाली आला आणि नोंदवहीत काही न लिहिता उभा राहिला.

"सायेब, ह्यास्नी काय लिवायचं?"

"माणसं लिही," अजितकुमार म्हणाले. "अकरा."

बनुबाईंना ते ऐकू गेलं. "आकरा म्हंजी? पायजेत किती?"

"बावीस पाहिजे होते, आजी. जाणारी फेरी काही झाली नाही."

"आन ह्या चव्वेचाळीस जागा?"

"त्यांच्यात माणूस नाही."

"मग मला हुबं का ऱ्हावं लागलं?"

अजितकुमारांनी खिशातून पेन काढलं. एकोणतीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते पिंपळाच्या पारावर जाऊन बसले. अहवालाचा कागद काढला, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, दुसरा कागद घेतला. मग डबा उघडून जेवले आणि पुन्हा लिहू लागले.

बनुबाईंनी तोवर वस्ती गाठली होती. रंगुबाई अंगणात हुलगे पाखडत होती. आता तिला जवळचंच दिसतं. पायांचा आवाज ओळखून ती म्हणाली, "आलीस का? मला वाटलं मेलीस."

"उत्तर द्यायचं ऱ्हायलं हुतं. कशी मरंन?"

"मग दे."

बनुबाई आधी पाणी प्यायल्या. आठ महिने सांभाळलेली गोष्ट घाईत वाया घालवायची नव्हती. मग म्हणाल्या, "खड्डा तू खणलास, मान्य. काडी मी हुबी केली, त्ये बी सोड. पर तीन उन्हाळं त्या काडीला पानी कुणी घातलं? मी. पयल्या उन्हाळ्यात तर तू बाळंतपणाला म्हायेरी हुतीस. निस्त्या खड्ड्याला पालवी फुटल्याली कवा बगितलीयास का?"

रंगुबाई पाखडायची थांबली. सूप मांडीवर घेऊन तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "ह्येचं उत्तर हाय माज्याकडं. पर आत्ता तोंडात येत न्हाई. फुडल्या रविवारी सांगती."

"फुडल्या रविवारी गाडी न्हाई."

"का?"

"बावीस माणसं पायजे हुती. आकराच भरली."

"मोरवड्यात बावीस माणसं न्हाईत?"

"माणसं लय हायत. जागा धरून घरी गेली."

रंगुबाईला यात समजण्यासारखं काही अवघड वाटलं नाही. तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला. "तीळ कमी भाजल्यात," ती म्हणाली.

मोरवड्यात नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी नानासो आंघोळ करून, टोपी घालून स्टँडवर आले. त्यांच्यामागून इतर येऊ लागले. पाऊण तासात जवळजवळ सगळा गाव जमला. गाडी डिझेल भरायला गेली असेल, असं धरून लोक उभे राहिले. मग पानटपरीवाल्याने सांगितलं की गाडी नऊलाच गेली.

"कुणाला घिऊन?" नानासोंनी विचारलं.

"तुमच्या पंच्याला घिऊन."

पंच्याबरोबर दूध संकलन केंद्राच्या किल्ल्याही गेल्या होत्या. संध्याकाळी साडेपाचला दूध येणार होतं. हेल्मेटवाल्याला हेल्मेटशिवाय मोटरसायकल चालवावी लागणार होती. चष्मेवाल्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. डाव्या चपलेचा मालक उजवी चप्पल घालून आला होता. कोंबडेवाल्यांकडे मसाला होता, तांदूळ होते, आणि कोंबडा पुढे गेला होता. ज्यांचे नुसते रुमाल होते त्यांनाही ते सोडवेनात. जागा धरली ती धरली.

दोन वडाप, एक ट्रॅक्टरची ट्रॉली आणि सात मोटरसायकली असा ताफा निघाला. दांड्यापाशी सगळे उतरले आणि तीन किलोमीटर चालत दीड वाजता फाटकाशी पोचले. डाव्या चपलेचा मालक दोनला पोचला.

चंदनाबाई गाडीच्या दारात बसून डबा खात होत्या. नानासो म्हणाले, "बाई, माजा पंचा तेवडा द्या."

"तीन नंबर का?"

"व्हय."

"त्यो जागेवर हाय. आत जाऊन बसा."

"बसायचं न्हाई. किल्ल्या पायजेत निस्त्या."

"पंचा उचलला की जागा मोकळी," चंदनाबाई म्हणाल्या. "मग ती पळसवाडीच्या टोपीवाल्याला देती मी. त्यो सकाळपास्नं हुबा हाय."

नानासोंनी टोपीवाल्याकडे पाहिलं. टोपीवाला पिंपळाखालून उठून गाडीच्या दिशेने दोन पावलं आलाही होता. नानासो आत गेले, पंच्याची घडी केली, तीन नंबरवर पसरली आणि तिच्यावर बसले. त्यांच्या मागोमाग चष्मा बसला, हेल्मेट बसलं, चप्पल बसली. चार वाजायला अजून दोन तास होते, पण कुणी उठेना. एवढं मोठं वन, करंज, आवळा, शिसव, मोरांचा आवाज, तळं. मोरवड्याच्या लोकांनी ते सगळं खिडकीतून पाहिलं. कोंबडा आणि त्याचे मालक एकाच जागेवर दाटीने बसले. स्वयंपाक झाला नाही.

चारला गाडी सुटली तेव्हा बसलेले चव्वेचाळीस, उभे अकरा. इंद्रजितने नोंद केली आणि खाली रेघ ओढली. दांड्यापाशी वीरधवलने गाडी हळू केली. सात मोटरसायकली ओळीने उभ्या होत्या.

"उतरायचं का कुणाला?" चंदनाबाईंनी विचारलं.

सातही मालकांनी आपापल्या मोटरसायकलीकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या अकरा जणांकडे. कुणी उठलं नाही.

बनुबाई जाताना जिथे उभ्या होत्या तिथेच उभ्या होत्या. शेजारी अजितकुमार. घाट उतरताना ते म्हणाले, "आजी, परतीची फेरी झाली. मी सगळं खरं लिहिलंय."

"गाडी सुरू हुईल का त्येनं?"

"ते माझ्या हातात नाही. वरची कचेरी ठरवते."

"एका रविवारात माजं भांडान मिटायचं न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "मी बोलले, आता ती आठवडाभर इचार करणार. मग ती बोलणार, मी इचार करणार. ह्ये असं चालतंय."

गुरुवारी आदेश आला. चंदनाबाईंनी तो स्टँडवरच्या फलकावर लावला आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोठ्याने वाचला.

'मोरवडे ते घोडमाळ ही जाणारी फेरी पुरेशा प्रवाशांअभावी सुरू करता येत नाही. घोडमाळ ते मोरवडे या परतीच्या फेरीस मिळालेला प्रतिसाद पाहता ती दर रविवारी दुपारी चार वाजता सुरू करण्यात येत आहे. त्यासाठी वाहन मोरवडे येथून सकाळी नऊ वाजता विनाप्रवासी रवाना करावे. निरीक्षकांच्या अहवालानुसार, धरलेली जागा भरलेली समजावी; मात्र जागा धरण्यासाठी ठेवलेले काहीही प्रवासी समजू नये. परतीच्या फेरीसाठी मोरवडे येथे जागा धरण्याची प्रचलित पद्धत चालू ठेवण्यास हरकत नाही.'

मग पानटपरीवाला म्हणाला, "म्हंजी घोडमाळवरनं येता येतंय, पर जाता येत न्हाई."

"गाडी जाती की," वीरधवल म्हणाला.

"आपल्याला न्हेत न्हाई नव्हं."

"रुमाल न्हेती."

नानासोंनी आदेश स्वतः एकदा वाचला. त्यांना त्यात चूक सापडली नाही. "येताना तरी बसून येता येतंय," ते म्हणाले. "रविवारी सातला समद्यांनी जागा धरा. दांड्यापतूर वडापनं जाऊ." मोटरसायकलवाल्यांनी आपसांत चर्चा केली. मोटरसायकल आणायची तर ती चालवत यावं लागणार आणि धरलेली जागा फुकट जाणार. मोटरसायकली अजून एक आठवडा तिथेच राहू द्यायच्या, असं ठरलं.

बनुबाईंनी आदेश दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या वेळी एका ठिकाणी त्यांनी चंदनाबाईंना थांबवलं. "त्ये, 'ठेवल्यालं काईबी' म्हटलंय, त्ये परत वाच."

चंदनाबाईंनी वाचलं. बनुबाई घरी गेल्या.

रविवारी गाडी आदल्या संध्याकाळपासूनच स्टँडवर मुक्कामाला होती. पहाटे वीरधवल झाडू मारत होता, दार उघडं होतं. उजाडता उजाडता मोरवड्याची माणसं आली आणि खिडक्यांतून रुमाल पडू लागले. नानासोंनी सवयीने पंचा तीन नंबरवर फेकला. तो बनुबाईंच्या मांडीवर पडला.

नानासोंनी टाचा उंचावून आत पाहिलं. "मावशी, तुमी?"

"जागा धरलीया."

"कशानं?"

"माज्याकडं रुमाल न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "म्हणून मीच आलीया." त्यांनी पंचा खिडकीतून परत केला. नानासोंनी तो मागे टाकला तोवर चार, पाच, सहा नंबरही गेले होते. त्यांना अठ्ठावीस मिळाला, चाकावरचा.

पावणेनऊला चंदनाबाई चढल्या आणि तीन नंबरपाशी थांबल्या. "मावशी, जाताना प्रवासी न्यायचा न्हाई. आर्डर हाय."

"मी कुटं प्रवासी हाय? तिकीट मागितलं का मी? चारच्या गाडीची जागा धरलीया मी."

"आवं, पर माणूस जागेवर ठेवत न्हाईत."

"कोंबडा ठेवत्यात."

चंदनाबाईंनी आदेशाची प्रत काढली आणि उभ्याने पुन्हा वाचली. जागा कशाने धरावी याबद्दल त्यात काही नव्हतं. 'काहीही' एवढंच होतं. त्यांनी प्रत घडी करून बॅगेत ठेवली. "बरं. पर धरल्याली जागा बोलत नसती, येवडं ध्यानात ठेवा. कुणी चढून बगितलं तर मला उत्तर द्यायचं हाय."

बनुबाईंनी मान हलवली, बोलल्या नाहीत.

खाली नानासो हे सगळं पाहत उभे होते. आपणही पंचा उचलून तिथे बसावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं, कारण त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला. पण आयुष्यभर पंच्याने धरलेली जागा आज अंगाने धरायची, हे गावासमोर त्यांना जमलं नाही. त्यांनी पाय काढून घेतला आणि वडाप शोधायला गेले.

नऊला गाडी निघाली. चंदनाबाईंनी नोंद केली. प्रवासी, शून्य. पळसवाडीला टोपीवाला उभा होता. त्याने हात केला. "आज न्हाई," चंदनाबाईंनी सांगितलं, "आज मोकळी चाललीया." तो मान हलवून बाजूला झाला. घाटात एका वळणावर बनुबाई जागेवरून थोड्या घसरल्या. चंदनाबाईंनी त्यांना दंडाला धरून सरळ केलं, पदर नीट केला आणि जिथे होत्या तिथेच बसवलं. दांड्यापाशी सात मोटरसायकलींवर धूळ बसली होती. एकीच्या आरशावर भारद्वाज बसला होता.

फाटकाशी इंद्रजित नोंदवही घेऊन आला. "प्रवासी?"

"शून्य," चंदनाबाई म्हणाल्या.

बनुबाई पायरी उतरत होत्या. इंद्रजितने त्यांच्याकडे बोट केलं. "आन ह्या?"

"तीन नंबरची जागा. चारला परत भरायची हाय."

इंद्रजितने शून्य लिहिलं.

पिंपळाच्या पारावर रंगुबाई बसली होती. किती वेळ बसली होती ते तिने सांगितलं नाही. बहीण उतरली एवढं समजल्यावर ती तिथूनच म्हणाली, "पानी तू घातलंस, मान्य. पर हंडा कुणाचा हुता? आयनं माज्या लगनात मला दिल्याला हंडा त्यो. इचारून न्हेला हुतास का?"

बनुबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हंड्याची गोष्ट खरी होती. त्यांनी मागे वळून चंदनाबाईंकडे पाहिलं. चंदनाबाई म्हणाल्या, "आता बोला की. उतरलाय तुमी."

गार वारा होता. पिंपळाची दोन पानं रंगुबाईच्या डोक्यावर पडली, ती बनुबाईंनी उचलून बाजूला ठेवली.

"फुडल्या रविवारी सांगते," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून चटणी काढली. या खेपेला तीळ जास्त भाजले होते.